रविवार, ट्राम आणि राणीची बाग

जुन्या मराठी घरातली माणसे घराबाहेर पडत नसत असे नाही. ती बाजाराला जात, जत्रेला जात, लग्नकार्याला जात; लेक बाळंतपणाला माहेरी जाई आणि वय झालेली माणसे काशीयात्रेलाही जात. परंतु यांतल्या प्रत्येक जाण्याला काही ठिकाण असे आणि काही निमित्त असे. नवरा, बायको आणि कडेवरचे मूल यांनी तिसऱ्या प्रहरी घराला कुलूप लावावे, कोठे तरी झाडाखाली किंवा वाळूत बसावे, पैशाचे चणे घ्यावेत आणि दिवेलागणीला परतावे. शिवाय एवढे सारे करून कोणतेही काम झालेले नसावे, हा प्रकार गावच्या रीतीत बसणारा नव्हता. त्याला 'फिरायला जाणे' हे नाव मिळाले ते शहरात, आणि मराठी माणसापुरते बोलायचे तर बव्हंशी मुंबईत.

ही गोष्ट इतकी साधी दिसते, की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बखरीत तिला जागा नाही आणि सरकारी गॅझेटियरात ती बागांच्या व पुतळ्यांच्या वर्णनामागे दडलेली आहे. तरीही एका साध्या कुटुंबाला आपले मूल घेऊन दोन घटका बाहेर पडता यावे, यासाठी काय काय घडावे लागले हे पाहू लागले, म्हणजे एका शहराची अर्धी कहाणी हाती येते.

प्रथम हे शहर ज्यांच्यासाठी नवे होते त्यांच्याकडे पाहावे. १८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये भोरघाटाचा चढ रुळांनी जिंकला. तारदेवच्या पहिल्या कापडगिरणीतून १८५६ साली सूत निघू लागले. घाटावरून आगगाडीने आणि कोकणातून गलबताने, पुढे आगबोटीने, माणसांचा ओघ सुरू झाला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १९११ साली ती पावणेदहा लाखांच्या पुढे गेली होती, आणि त्यांपैकी शेकडा ८० च्या आसपास लोक शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरी जिल्ह्याचा त्यांतला वाटा सर्वांत मोठा. याचा अर्थ असा की, पाच माणसांपैकी चौघांच्या लेखी मुंबई हे 'नवे गाव' होते. त्यांची चूल इथे असली तरी देव, शेत आणि म्हातारी माणसे दुसरीकडे होती.

चूल तरी प्रत्येकाची कुठे होती? १९११ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. गिरणीत काम करणारे हजारो पुरुष गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकीत, खानावळीत जेवीत, आणि बायकामुलांना शिमग्याला नाहीतर गणपतीला भेटत. ज्याला बिऱ्हाड करता आले तो भाग्यवान. पण ते बिऱ्हाड म्हणजे एक खोली. त्याच १९११ च्या गणनेप्रमाणे शहरातले शेकडा सुमारे ६९ लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. त्या खोलीत चूल, मोरी, अंथरूण, पाळणा आणि बहुधा गावाकडून नोकरीच्या शोधात आलेला एखादा भाचा किंवा मेहुणा इतक्यांना जागा करायची असे. गावच्या घरी मूल रांगू लागले की त्याला पडवी, अंगण, गोठा आणि परसू अशी सारी पृथ्वी मोकळी मिळे. चाळीत रांगणाऱ्या मुलाची पृथ्वी उंबऱ्याशी किंवा फार तर गॅलरीच्या कठड्याशी संपे. तेव्हा शहरी फिरण्याचे पहिले कारण हौस हे नव्हते. अंगण हरवले होते, आणि ते शोधायला कुटुंब बाहेर पडले.

पण बाहेर पडायला वेळ हवा, आणि वेळ ही त्या काळी सर्वांत महाग वस्तू होती. सरकारी कचेऱ्यांतल्या कारकुनांना रविवारची सुट्टी होती. गिरणीकामगारांना ती नव्हती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि सणावाराला गिरणी बंद राहिली तर तेवढीच उसंत. रविवारी चाक थांबले तरी सकाळचा वेळ यंत्रे पुसण्यात जाई. अशा बापाला आपले मूल जागे कधी दिसत असेल, हा प्रश्न त्या वेळच्या कोणत्याही अहवालात विचारलेला दिसत नाही; पण तो ज्यांच्या घरचा होता त्यांच्या मनात असल्यावाचून राहिला नसेल.

हा प्रश्न चव्हाट्यावर आणणाऱ्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते स्वतः काही काळ गिरणीत नोकरीला होते. पुढे त्यांनी 'दीनबंधु' पत्र चालवले आणि १८८४ मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभारली. त्याच वर्षी सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा मनाला चटका लावतो. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. सहा वर्षे हा लढा चालला. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुट्टी सक्तीची केली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि नऊ वर्षांखालील मुलांना गिरणीचे दार बंद केले. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना मात्र सात तासांपर्यंत कामावर ठेवता येत असे. म्हणजे बापाच्या खांद्यावर बसून रविवारी वाघ पाहायला निघालेल्या पोराला त्याच बापामागून गिरणीच्या दारातून आत जायला फार वर्षे उरलेली नसत.

लोखंड्यांचे निधन १८९७ साली प्लेगने झाले. मुंबईच्या बागांतून कितीतरी लाटसाहेबांचे आणि शेठसावकारांचे पुतळे उभे राहिले. पण त्या बागांत रविवारी माणसे आणणारा गृहस्थ तो होता, एवढी नोंद तरी करून ठेवायला हवी.

दिवस मिळाला, आता वाहन. १८७४ च्या ९ मे रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक फाटा कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटावरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीला जाई. कुलाबा ते पायधुणी भाडे आरंभी तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आले. कचेरीतल्या कारकुनाला हे परवडण्यासारखे असले तरी गिरणीतल्या मजुराच्या दिवसाच्या रोजात दोन-तीन आण्यांचा वाटा लहान नव्हता. तो पायीच जाई, पुष्कळदा जाताना पायी आणि मूल पेंगुळले म्हणून येताना ट्रामने. १९०७ च्या ७ मेला विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि मग प्रवास हाच मुलाच्या दृष्टीने फिरण्याचा मुख्य भाग झाला. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर राणीची बाग नाही दिसली तरी चालेल, असे मानणारी मुले मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या होती. गावच्या बैलगाडीत मुलाला बैल ओळखीचा असतो. इथे ओढणारा कोणीच दिसत नाही आणि गाडी मात्र घंटा वाजवीत चालली आहे. ह्या नवलावर बापाने काय उत्तर द्यावे? त्यालाही ते ठाऊक नसे. शहराशी ओळख करून घेण्यात मूल आणि बाप यांच्यात अंतर फार थोडे होते.

आता ती बाग. भायखळ्याची ही बाग १८६२ च्या १९ नोव्हेंबरला गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उघडली, तेव्हा तिच्या चालकांच्या डोळ्यांपुढे चाळीतली मुले खचित नव्हती. कृषी व उद्यानविद्येच्या एका संस्थेने ती उभारली होती. देशोदेशीची झाडे लावावीत, त्यांचा अभ्यास व्हावा, आणि भायखळ्याच्या बंगल्यांतल्या साहेबलोकांना संध्याकाळी सावलीतून हिंडता यावे, असा तो बेत. तिला नाव दिले व्हिक्टोरिया राणीचे. १८६५ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा तिथे उभा राहिला, आणि १८७२ च्या २ मे रोजी वस्तुसंग्रहालयाची इमारत खुली झाली. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. इकडे भोवतालची वस्ती पालटत गेली. चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली, बंगलेवाले मलबार टेकडीकडे सरकले, आणि त्यांची बाग आपोआप गिरणगावच्या दाराशी आली. १८९० च्या सुमारास तिथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. ज्या वर्षी कामगारांना रविवार मिळाला, त्याच सुमारास त्यांच्या मुलांना वाघ मिळाला. हा योगायोगच, पण मोठा सुरेख.

लोकांनी इंग्रजी नाव बाजूला ठेवून तिला 'राणीची बाग' म्हटले आणि ते नाव एका गोष्टीतल्यासारखे झाले. कोणती राणी, हे मुलाला विचारावेसे वाटत नसे. बागेत वाघसिंह आहेत त्या अर्थी कुठे तरी राणीही असणारच. गावच्या आजीच्या गोष्टीतला लांडगा गोष्टीतच राही; इथला पिंजऱ्यात जांभई देताना दिसे. हत्तीच्या पाठीवरची फेरी ज्याला घडली ते मूल आठवडाभर चाळीत मानाने मिरवी. शनिवारपर्यंत ज्या घराचे उठणे-बसणे गिरणीच्या भोंग्यावर चाले, त्या घराला त्या दिवशी वेळ दाखवायला फक्त मनोऱ्यावरचे घड्याळ असे, आणि त्याच्याकडे पाहण्याची गरज नसे.

येथवर बाहेरच्या गोष्टी झाल्या. खरा पालट घरात झाला. एकत्र कुटुंबाच्या रीतीत, विशेषतः पांढरपेशा घरांत, तरुण बापाने वडीलधाऱ्यांदेखत आपले मूल उचलणे हा मर्यादाभंग मानला जाई. मूल आजीचे, काकूचे, आत्याचे. बापाने त्याच्याकडे ओझरते पाहावे. तसेच नवराबायकोने दिवसाउजेडी बरोबरीने रस्त्यातून चालणे हेही लोकांच्या डोळ्यांवर येई. स्त्रीने नुसते रस्त्याने चालण्याची किंमत काय होती, याचा दाखला आनंदीबाई जोशी यांच्या भाषणात आहे. १८८३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेस वैद्यकी शिकायला निघण्यापूर्वी, अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या बाईंनी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात व्याख्यान दिले. मुंबईत शाळेत जाताना वाटेवरचे लोक भोवती गोळा होऊन हसत, घरांच्या ओसरीवर बसलेले प्रतिष्ठित लोक टोमणे मारीत, खडे फेकीत, दुकानदार त्यांना पाहून थुंकत, हे त्यांनी तिथे निर्भयपणे सांगितले. हे सारे त्यांना सोसावे लागले ते एवढ्याचसाठी, की एक मराठी मुलगी हाती पुस्तके घेऊन रस्त्याने चालली होती.

अशा रस्त्यावर सामान्य घरची बाई पुढे बिनदिक्कत निघू लागली, ती कशाच्या बळावर? सुधारकांची व्याख्याने, मुलींच्या शाळा, गिरण्यांतून स्त्रियांनी करायचे काम, ही कारणे इतिहासकार देतात आणि ती खरीच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण नोंदवायला हवे, ते म्हणजे कडेवरचे मूल. एकट्या बाईला 'कुठे चाललीस?' असे विचारणारी चाळ 'पोराला जरा फिरवून आणते' या उत्तरावर गप्प बसे. नवऱ्याबरोबर निघालेली बायको चेष्टेचा विषय होई. पण मधे मूल असले म्हणजे ती दोघे मुलाबरोबर निघालेली ठरत. पुष्कळ घरांनी याला देवाचीही जोड दिली. आधी महालक्ष्मीचे दर्शन आणि मग समुद्र, किंवा वाळकेश्वर आणि परतताना चौपाटी. असे केले म्हणजे गावाकडे पत्रात लिहायला संकोच नसे. पुढे पुढे देव मागे पडला आणि चौपाटी तेवढी राहिली. शहरात सासूसासरे जवळ नसत, आया-काकवा नसत. बायकोच्या हातात पाण्याचा तांब्या आणि झबल्यांचे गाठोडे असले म्हणजे मूल उचलायला बापावाचून दुसरे कोण? गरजेने उचललेले मूल खांद्यावर बसले ते बसलेच. गर्दीत ते हरवू नये म्हणून वर घेतले, आणि वरून त्याला बापापेक्षा दूरचे दिसू लागले.

या सुखामागे एक काळी छायाही होती, आणि तिच्याकडे डोळेझाक करून हा इतिहास सांगता येणार नाही. १८९६ मध्ये प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांचे मोल शहराला कळले. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून रुंद रस्ते कापले गेले. तरी १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत हा आकडा याहूनही वर जात होता. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्मांची नोंद इथे कमी होऊन हा आकडा फुगला असला पाहिजे, हे खरे. ती सूट दिली तरी उरते ते भयंकरच आहे. 'पोराला जरा हवेवर घेऊन जा' हे वाक्य त्या काळच्या घरात कोणी सहज म्हणत नसे. चौपाटीच्या वाळूत मूल लोळत असताना आईच्या मनात कोणता हिशेब चालला असेल, याची कल्पना या आकड्यांवरून करावी.

पुढच्या योजना याच जाणिवेतून आल्या. १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे सरकारने २०७ चाळी बांधल्या. खोली एकेकच, पण चाळींमध्ये थोडी मोकळी जागा होती. दादर-माटुंग्याच्या नव्या वस्तीत मध्यमवर्गाला दोन खोल्या आणि जवळ मैदान मिळाले. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या त्या मैदानाला १९२७ साली शिवछत्रपतींचे नाव दिले गेले. त्या वस्तीतल्या मुलाला रविवारची वाट पाहावी लागली नाही. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी बोटाला धरून त्याला शिवाजी पार्कची फेरी घडे. फिरणे जसे रोजचे झाले तसे त्यातले अप्रूप थोडे उतरले, हेही सांगितले पाहिजे.

मुंबईत लागलेली ही सवय मराठी माणसाने सोबत नेली. बडोद्यास सयाजीरावांनी १८७९ मध्ये कमाठीबाग उभारली, कलकत्त्यात अलीपूरचे प्राणिसंग्रहालय १८७६ मध्ये लोकांस खुले झाले, मद्रासेत त्याच शतकाच्या नवव्या दशकात समुद्रकाठी मरीनाचा रस्ता झाला. नोकरीनिमित्त त्या त्या गावी गेलेल्या मराठी कुटुंबाला तिथली भाषा नीट येण्याआधी तिथली बाग ठाऊक होई. स्वातंत्र्यानंतर दिल्लीस बदलून गेलेल्या कारकुनाच्या घरीही तोच क्रम चाले: पहिल्या महिन्यात रेशनकार्ड, दुसऱ्यात मुलाची शाळा, आणि त्या आधीच्या पहिल्या रविवारी इंडिया गेटची हिरवळ. थंडीच्या दिवसांत मुलाला कानटोपी घालून नेलेले असे, आणि शेजारच्या पंजाबी कुटुंबाच्या मुलाशी त्याची गट्टी आईबापांची तोंडओळख होण्यापूर्वी जमे. आईला हिंदीतला पहिला धडा पुष्कळदा तिथेच मिळे, आणि शिकवणारा चार वर्षांचा असे.

मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, १९५२ मध्ये मलबार टेकडीवर कमला नेहरू उद्यान झाले आणि तिथला म्हातारीचा बूट मुलांच्या जगात राणीच्या बागेच्या शेजारी जाऊन बसला. १९६४ च्या ३१ मार्चला बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. १९६९ मध्ये बागेला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले. गिरण्यांची धुराडी थंड झाली, वस्ती पुन्हा पालटली, आणि २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला रांगा लागू लागल्या. तरी मुले तिला राणीचीच बाग म्हणतात.

त्या बागेत संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीचा हा मूळचा रहिवासी. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडास नेण्यासाठी उचलू लागले तेव्हा यारी मोडली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुष्कळ वर्षे पडून होते. १९१४ मध्ये ते जुळवून तो पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात. खरा हत्ती पाहून झाल्यावर बाप मुलाला इथे आणतो, आणि हा का हलत नाही, असे मूल त्याला विचारते.